मागच्या दाराचे मामा

आमच्या सुनेच्या मामांनी आयुष्यात एकही घर पुढच्या दाराने पाहिलेलं नाही. देऊळ तेवढं सोडा. पुढचं दार लोक दुसऱ्यांसाठी रंगवतात, असं ते म्हणतात, आत खरं काय चाललंय ते मागच्या दाराला ठाऊक. म्हणून कोणाकडे जायचं झालं की ते आपली जुनी रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे उभी करतात, पायजमा वर खोचतात आणि बोळातून, उकिरड्यावरून, कधी कोणाच्या वाळत घातलेल्या पापडांमधून वाट काढत थेट मोरीपाशी जाऊन उभे राहतात. वेळ ठरलेली, दुपारी बाराची. त्या वेळी कोणी नटून बसलेलं नसतं. दोनदा त्यांना चोर म्हणून धरलंय आणि एकदा एका बाईने घासणीसकट हात उगारलाय. त्याचा त्यांना राग नाही. घर चांगलं आहे, बाई सावध आहे, एवढं त्यांनी डोक्यात टिपून ठेवलं. हे सगळं ते कुत्र्यांसाठी करतात. लोकांनी रस्त्यावर टाकून दिलेली कुत्री उचलायची, औषधपाणी करून बरी करायची आणि मग त्यांना साजेसं, कायमचं घर शोधून द्यायचं, हा त्यांचा उद्योग. माझीही एक कुत्री त्यांच्या हातात गेली आणि मी हातापाया पडलो तरी त्यांनी मला परत दिली नाही. तरी मी त्यांच्याविषयी चांगलंच लिहिणार आहे. का, ते पुढे येईल.

मामा राहतात जळगावला, पिंप्राळ्यात. आधी ते माणसांच्या सोयरिकी जुळवायचे. धुळ्यापासून रावेरपर्यंत समाजातली लग्नाची पोरंपोरी त्यांना तोंडपाठ. माझ्या पोराचं लग्नही त्यांनीच जमवलं, स्वतःच्या भाचीशी. तेव्हा मी धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचो. पाहुणे येणार म्हणून मी पुढच्या खोलीत नवी चादर टाकून, इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून बसलेलो. मामा कधीचे येऊन मागे आमच्या हिच्याशी बोलत बसलेत, हे मला तासाभराने कळलं. ही मोरीत भांडी घासत होती. अंगावर सावली पडली तशी वर न बघता म्हणाली, "मांगला दारथीन कोन उना? चोर शे का सोयरा?"

"आजून ठरेल नही, अक्का," मामा म्हणाले.

ही हसली आणि कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी काढली. तेवढ्यात मोरीच्या भोकातून एक पिल्लू आत आलं. गल्लीतलंच, कोणाचं नसलेलं. हिने भाकरी मोडली, पहिला तुकडा पिल्लापुढे टाकला आणि दुसरा पाहुण्याच्या हातावर ठेवला. पहिला पिल्लाला, हे मामांनी पाहिलं. लग्न तिथेच ठरलं. मी पोराची पत्रिका, पगाराचा कागद, घराचा उतारा सगळं पुढ्यात मांडून बसलो होतो, ते कोणी बघितलंसुद्धा नाही. ते पिल्लू पुढे आमच्याकडेच राहिलं.

नंतर एका लग्नात मामांची फसगत झाली. मुलाकडच्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्याला मागचं दारच नव्हतं. नाइलाजाने मामा पुढून गेले, सोफ्यावर बसले, सरबत प्याले आणि हो म्हणून आले. पोरगी सहा महिन्यांत माहेरी परत आली, अंगावर वळ घेऊन. त्या दिवसापासून त्यांनी माणसांची मध्यस्थी सोडली. लोक पाया पडायला यायचे, मामा, एवढं एक जमवून द्या. मामा म्हणायचे, माणसांच्या सोयरिकीत दोन्हीकडचे खोटं बोलतात, कुत्र्याच्या सोयरिकीत निदान एक बाजू खरी असते. मग घरात कुत्री साठू लागली. एका वेळी सात, आठ. मामी रोज त्यांच्यासाठी वेगळ्या भाकरी थापतात आणि थापता थापता आल्यागेल्याला सांगतात, "ह्यांनी माझ्या बापाच्या वतीने ह्यांचंच स्थळ पाहिलं असतं ना, तर मला कधीच दिलं नसतं." मामा मान डोलावतात. "नसतंच दिलं," म्हणतात. "तेव्हा आमची मोरी तुंबायची."

मामांची पाहणी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. मी दोन-तीनदा बरोबर गेलोय. जळगावातल्या एका बंगल्यात मालकाने कुत्र्यासाठी वेगळी खोली केली होती. खाली गादी, वर पंखा. मामा मागून गेले, तर मालकाचा म्हातारा बाप पत्र्याखाली, धुण्याच्या दगडाशेजारी खाटेवर पडलेला. मामा त्याच्या पायथ्याशी बसले, तंबाखू मळली, अर्धी त्याला दिली, आणि मालक आला तेव्हा म्हणाले, "पंख्याची खोली झकास आहे. आधी बाबांना तिथे न्या. दोन महिन्यांनी येतो, मग कुत्र्याचं बोलू." मालकाने त्यांना फाटक दाखवलं. पुढचं. मामा पुढच्या फाटकातून बाहेर जायलाही तयार होईनात, त्यावर आणखी दहा मिनिटं गेली. पण दोन महिन्यांनी ते खरंच गेले, आणि म्हातारा खरंच आत होता. आता त्या घरी भुऱ्या नावाचं कुत्रं म्हाताऱ्याच्या खाटेखाली पंख्याच्या वाऱ्यात झोपतं.

कुत्र्याचं कौतुक मामा कधी करत नाहीत. आधी खोडी सांगतात. "हा चपला खातो. फक्त डाव्या." ऐकून जो हसतो त्याचं नाव पुढे सरकतं. जो उठून आपल्या चपला आत नेऊन ठेवतो त्याचं नाव तिथेच संपतं. वकील नावाचं एक कुत्रं होतं, पान हललं तरी भुंकायचं. ते मामांनी एका ठार बहिऱ्या, पेन्शनीतल्या मास्तरांना दिलं. मास्तर खूश. वकिलाचं तोंड हलताना दिसलं की ते उठून दाराची कडी काढायचे, कोणीतरी आलेलं असायचंच. शेजारी मात्र तक्रार घेऊन पिंप्राळ्याला आले. मामा म्हणाले, "मी मास्तरांचं घर पाहिलं होतं. तुमचं पाहायला मला कोणी सांगितलं नव्हतं." रावेरकडे एका केळीच्या बागेवर एक कुत्री द्यायचं घाटत होतं. मामांनी मालकाला तिच्यासमोर ट्रॅक्टर चालू करायला लावला. ती केळीच्या झाडांमध्ये जी घुसली ती संध्याकाळी निघाली. मालक म्हणाला, "होईल की सवय, मामा." मामांनी तिला उचलून रिक्षात घातलं. "पोरी देतानाही सगळे हेच म्हणायचे," ते म्हणाले. "सवय होईल."

आता माझं सांगतो. मोरीच्या भोकातून आलेलं ते पिल्लू आमच्याकडे मोठं झालं. झोपताना वेटोळं करायची आणि रंगही तळलेला, म्हणून हिने तिचं नाव जिलबी ठेवलं. ही रोज तीनला मारुतीच्या पारावर बायकांत जाऊन बसायची आणि चारला परत यायची. आपल्याच घरात येताना दाराची कडी दोनदा वाजवायची. का वाजवायची, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जिलबी चारच्या आधीच दारात जाऊन बसलेली असायची. ही जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे. ही गेली तरी जिलबी चारला दारात बसायची. मी बाहेरून आलो तर उठायची, शेपटी एकदा हलवायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा खाली बसायची. हा आहे, ती नाही. रोज. भेटायला आलेल्या माणसांना मी सांगू शकत होतो, आता पुरे, तो विषय काढू नका. कुत्रीला कसं सांगणार? पाच महिने मी ते बघितलं. मग एका सकाळी तिला ओळखीच्या टेम्पोत घातलं, नरडाण्याला नेलं आणि कारखान्यांच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी उतरवलं. बिस्किटांचा पुडा फोडून पुढे ठेवला. ती खाण्यात होती तेवढ्यात टेम्पो निघाला. मी मागे बघितलं नाही. गल्लीत सांगितलं, पळून गेली. वेगळं बिऱ्हाड केलेल्या पोरालाही तेच सांगितलं. आता तो हे वाचेल.

पंधरा दिवसांनी मामा आले. मागच्या दाराने, बाराला. मोरीत आता भांडी मी घासतो. ते बाजूच्या दगडावर बसले.

"आबा, जिलबी कोठे शे?"

"पळी गई," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडून चहा करून घेतला, बशीत ओतला, फुंकून फुंकून प्याले. मग म्हणाले, "नरडाणा लगून पळनी? तिकीट कोनी काढं?"

मी घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. नरडाण्याला लोक कुत्री सोडून जातात हे मामांना माहीत, म्हणून आठवड्यातून एकदा त्यांची रिक्षा तिकडे फिरते. टपरीमागे एक कुत्री वेटोळं करून पडलेली दिसली, तेव्हा त्यांनी तिला लांबूनच ओळखलं. अंगात ताप होता. आता पिंप्राळ्यात होती, खायला लागली होती. हे त्यांनी सांगितलं तशी मी बसल्या जागी त्यांचे पाय धरले. माझी चूक झाली, द्या तिला परत. मामा म्हणाले, ज्या घराने टाकलं त्या घरी परत नाही, हा त्यांचा नेम. मी म्हणालो, "मामा, मी परका नाही. तुमचा सोयरा आहे." मामा म्हणाले, "म्हणून तर नीट पाहतो."

आणि खरंच त्यांनी माझं घर पाहिलं, जसं कोणाही तिऱ्हाइताचं पाहतात तसं. माठाचं झाकण उचललं. टोपलीतली माझ्या हातची जळकी भाकरी उलटीपालटी करून बघितली. जिलबीचं जर्मनचं ताट मी घासून मोरीच्या कठड्यावर पालथं ठेवलं होतं, ते सुलटं करून पुन्हा पालथं ठेवलं. मग तिथेच बसून राहिले. एक वाजला, दोन वाजले. मला वाटलं, ऊन उतरायची वाट बघतायत. चार वाजता मी पुढच्या दाराकडे बघितलं. माझं मलाही कळलं नाही. मामांना कळलं.

ते उठले. "आबा," म्हणाले, "एक घरमा दोन वाट देखणारा चालत नहीत. कोनी तरी येणारं पाहिजे."

मी चिडलो. "मग मी काय करू? मला कोण पाहून देणार?"

"तुमना बी इचार करी राह्यनू," ते म्हणाले. "आधी तिना करू."

मग मामा चारला येणारं माणूस शोधू लागले. हे वाटतं तेवढं सोपं नाही. एक वॉचमन मिळाला, तो सकाळी घरी यायचा. एक टेम्पोवाला बरोबर चारला यायचा, पण मामांनी विचारलं, गाडी कितीदा बिघडते? बिचाऱ्याने खरं सांगितलं आणि स्थळ हुकलं. शेवटी दोन महिन्यांनी मामांचा निरोप आला, रावेरला चला, माहेरचं कोणीतरी बरोबर पाहिजे. मी सदरा घालून गेलो. पिंप्राळ्याहून निघालो तेव्हा जिलबी रिक्षात मागे बसली होती. मला बघून तिने शेपटी हलवली, एकदा. मला तिच्याकडे धड बघवेना.

रावेरचं घर एका बाईचं. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, घरी आजारी सासू, बाकी कोणी नाही. आम्ही मागून गेलो तेव्हा सासू झोपलेली होती आणि बाई यायची होती. जिलबी आपणहून आतून पुढे गेली आणि दारात बसली. चार वाजले. दार लोटून बाई आत आली, हातात पातेल्याच्या बुडाची खरवड भरलेला डबा. जिलबी उठली. तिने बाईकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. बाईने आधी डबा खाली ठेवला, मग आम्हाला विचारलं, "तुम्ही कोण?"

कुत्रीसाठी घर बघायला आलोय, असं म्हणून मामांनी सवयीप्रमाणे तिची खोड आधी सांगितली. "हिला वाट पाहायची खोड आहे. चारला कोणी आलं नाही तर जेवत नाही."

"बरं झालं की," बाई म्हणाली. "मी येते तेव्हा सासूबाई झोपलेल्या असतात. माझी वाट कोणी बघतच नव्हतं."

मामा एवढ्यावर ऐकणारे नव्हते. "आणि शाळेला सुटी लागली की?"

बाईने थोडा विचार केला. "मग मी साडेतीनला शेजारी जाऊन बसेन," ती म्हणाली, "आणि चारला येईन."

मामांनी खोचलेला पायजमा खाली सोडला. मी ओळखलं, सोयरीक जमली. निघताना माझं तोंड बघून ते रिक्षाच्या आरशातून म्हणाले, "आबा, सासर नही, पन माहेर व्हई सकस तुमनं घर. आखाजीले मुराळी जा."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी दिलेल्या पोरी माहेरी येतात. त्यांना आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ जातो, नाहीतर बाप. मला पोरगी नाही, त्यामुळे साठ-पासष्ट वर्षांत मी कधी मुराळी झालोच नव्हतो. त्या वर्षी झालो. टोपी घातली, सुनेकडून सांजोऱ्या करून घेतल्या, जिलबीसाठी नवा लाल पट्टा घेतला आणि मामांच्या रिक्षातून रावेरला गेलो. गल्लीतली माणसं दारात येऊन हसत होती. "कुत्रीला मुराळी आलाय रे," एक जण ओरडला. मामांनी रिक्षा थांबवली, खाली उतरले आणि त्याला विचारलं, "तुझ्या बायकोला आणायला आलं का कोणी?" तो आत गेला. बाईने मला पाटावर बसवून आमरस वाढला, वाटी दोनदा भरली आणि जिलबीला म्हणाली, "जा गं, चार दिवस माहेरी राहून ये." मग माझ्याकडे वळली. "चारच हं, आबा. पाचवा दिवस नको. आमचंही दार ओस पडतं."

आखाजीच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, तशी मी हिच्या नावाने भरली. घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, हात जोडले. जिलबी येऊन घागर हुंगून गेली. दुपार झाली तसा मला घोर लागला. चार वाजले की जिलबी दारात बसणार आणि मी तिच्याकडे बघणार, पुन्हा तेच. मग मला रावेरची बाई आठवली. साडेतीनला मी उठलो, चपला घातल्या आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. पारावरच्या बायका मला बघून थोडं सरकल्या. चारला मी परत आलो. दार लोटायच्या आधी, का कोण जाणे, कडी दोनदा वाजवली. जिलबी दारातच होती. उठली, शेपटी एकदा हलवली, माझ्याकडे बघितलं. बसली नाही. मी चपला काढून आत येईपर्यंत तशीच उभी राहिली, मग माझ्या पुढे चालत मोरीपर्यंत आली. तिचं ताट मी सुलटं केलं.

चौथ्या दिवशी तिला रावेरला पोचवून आलो. तेव्हापासून रोज साडेतीनला पारावर जायचं ठेवलंय. घरात कोणी नसतं हे ठाऊक असतं, तरी चारला येऊन कडी दोनदा वाजवतो. मामांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हं." परवा असाच आलो, कडी वाजवली, तर आतून, मोरीकडून आवाज आला.

"कोन शे? चोर का सोयरा?"

मी दारातच थांबलो. मग म्हणालो, "सोयरा."

मामा मागच्या दाराने येऊन बसले होते. माझी सकाळची भांडी घासून झाली होती त्यांची, आणि चुलीवर त्यांनी एक भाकरीही टाकली होती, माझ्याहून जास्त जळलेली. आम्ही दोघं मोरीपाशी बसलो. मामांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा मोरीच्या भोकापाशी ठेवला आणि दुसरा माझ्या हातावर. भोकापाशी अजून कोणी आलेलं नव्हतं.